पडद्यावरचा धडा आणि बांधावरचा मास्तर



गाळप हंगाम चालू असताना गट कार्यालयात बसून चार शब्द बोलायला ना तुम्हाला सवड असते ना आम्हाला. तोड कधी, टोळी कुठं, गाडी कधी लागणार, यातच दिवस जातो. हंगाम आटोपला की सभासद जरा निवांत येऊन बसतात आणि मग मुलाबाळांच्या शिक्षणाच्या गोष्टी निघतात. अशा बैठकांतून एक प्रश्न मला हल्ली वारंवार ऐकू येतो. "साहेब, शेतीचं सगळं शिक्षण आता मोबाईलवर मिळतंय. मास्तरांचे पाठ चित्रित करून ठेवलेत, कधीही बघा. मग पोराला कॉलेजात घालून खोलीभाडं आणि मेसचा खर्च कशाला करायचा?" हा प्रश्न संपतो न संपतो तोच बाजूला बसलेले एखादे ज्येष्ठ सभासद म्हणतात, "अरे, पडद्यावर बघून कोण पोहायला शिकलंय का? विहिरीत उडी मारल्याबिगर काय खरं नाही."

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही एक गोष्ट विसरतात, आणि ती मांडावी म्हणून हा लेख. हे माझे वैयक्तिक मत आहे, व्यवस्थापनाचे नव्हे, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

माझे म्हणणे असे की, चित्रित केलेला पाठ हे शेती शिकवण्याचे उत्तम साधन आहे, परंतु तो एकट्याने कोपऱ्यात बसून बघण्याची वस्तू नव्हे. पाच-दहा जणांनी तो एकत्र बघावा. मध्येच तो थांबवून "हे कळलं का? आपल्याकडं असंच असतं का?" असे विचारणारा एक माणूस जवळ असावा. आणि पाठ संपल्यावर चालत जाता येईल एवढ्या अंतरावर उसाचा फड असावा. या तीन गोष्टी असतील तर पडद्यावरचा मास्तर वर्गातल्या मास्तरापेक्षा उणा पडत नाही. नसतील तर मुलगा परीक्षा पास होईल, पण सभासदाच्या बांधावर उभा राहून सल्ला देऊ शकणार नाही.

घरी राहून शेतीचे शिक्षण घेणे ही आपल्या भागाला परकी गोष्ट नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या आणि कराडात घर केलेल्या यशवंतराव चव्हाण साहेबांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ साली सुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. कृषी पदविका, फळबाग, भाजीपाला, फुलशेती असे अभ्यासक्रम त्यांनी काढले. पुस्तके घरी वाचायची, प्रात्यक्षिकाला अभ्यासकेंद्रावर जायचे, अशी ती पद्धत. विद्यापीठाचे स्वतःचे दृक्‌श्राव्य केंद्रही आहे. बारावीनंतर ज्याला घरची चार एकर सोडून राहुरीला किंवा कोल्हापूरला जाऊन राहणे शक्य नव्हते, अशा मुलाला या वाटेने शिकता आले. लग्न होऊन आलेल्या आणि शिक्षण अर्धवट राहिलेल्या सुनांनाही हा रस्ता मोकळा झाला. ज्यांच्या घरात बैल-म्हशींचे बघायला दुसरे माणूस नाही, त्यांना याची किंमत कळते. तेव्हा "पडद्यावरचे शिक्षण म्हणजे फसवणूक" असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या किंवा पाटणच्या डोंगरातल्या मुलाला वर्गात या म्हणणे सोपे आहे, त्याला येता यायला पाहिजे ना!

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि जे शिक्षण तोवर ऐच्छिक होते ते सगळ्यांवर सक्तीचे झाले. कृषी महाविद्यालये बंद, वसतिगृहे रिकामी. मुले गावी आली आणि पाठ पडद्यावर सुरू झाले. पाटण खोऱ्यात रेंज मिळावी म्हणून पोरे टेकाडावर जाऊन बसत. शेवटच्या वर्षाचे कृषिदूत आणि कृषिकन्या, जे एरवी दुसऱ्याच्या गावात जाऊन ग्रामीण कार्यानुभव घेतात, त्यांनी तो आपापल्या गावातच घेतला. यातली ही शेवटची गोष्ट माझ्या मते फार चांगली झाली, कारण आपल्याच चुलत्याला बीजप्रक्रिया करून दाखवणे हे परक्या गावात फलक लावून फोटो काढण्यापेक्षा अवघड काम आहे. चुलता ऐकत नाही.

त्या काळात शिकलेली काही मुले पुढे आपल्या शेतकी विभागात उमेदवारीला आली. त्यांच्याबद्दल जे दिसले ते सांगतो. तोंडपाठ ज्ञानात ही मुले आमच्या पिढीपेक्षा पुढे होती. आडसालीला हेक्टरी किती खत म्हटल्याबरोबर उत्तर तयार: नत्र ४००, स्फुरद १७०, पालाश १७० किलो. पूर्वहंगामीला नत्र ३४०, सुरूला २५०. अडखळणे नाही. आम्हाला त्या वयात वही उघडावी लागत असे. पण त्याच मुलांना लावणीच्या प्लॉटमध्ये नेऊन विचारले, "बाळांनो, या रानात आज औत घालायचं की दोन दिवस थांबायचं?" तर एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. वाफसा या विषयावर त्यांनी पाठ ऐकलेला होता. जमिनीतल्या पोकळीत हवा किती, पाणी किती, हे त्यांना शेकड्यात सांगता येत होते. पण खाली वाकून मूठभर माती घ्यायची, दाबायची, हात उघडायचा आणि ढेकूळ बोटाने फोडून बघायचे, हे कुणी करवून घेतलेले नव्हते.

दुसरे उदाहरण खोडकिडीचे. कोवळ्या लावणीत पोंगा वाळलेला दिसला की कीड कोणती हे ठरवायचे असते. खोडकिडीचा पोंगा ओढला की सहज उपटून हातात येतो आणि त्याला कुजका, घाण वास येतो. शेंडेकिडीचा पोंगा असा सहजासहजी सुटत नाही. पडद्यावर दोन्ही पोंगे सारखेच वाळलेले दिसतात. फरक आहे तो हाताला लागणाऱ्या जोरात आणि नाकाला येणाऱ्या वासात. ऊस उभा चिरल्यावर लाल कुजीचे तांबडे-पांढरे पट्टे चित्रात झकास दिसतात, किंबहुना शेतापेक्षा स्पष्ट दिसतात, पण त्या उसाला येणारा आंबूस, दारूसारखा वास कुठल्याही मोबाईलमधून अजून तरी येत नाही.

या मुलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. महिना-पंधरा दिवस फडातून हिंडवल्यावर त्यातली बरीचशी तयार झाली, आणि मुळात अभ्यास पक्का असल्याने आमच्यापेक्षा लवकर तयार झाली. मुद्दा एवढाच की ते महिना-पंधरा दिवस कुणीतरी द्यावे लागतात.

आता पडदा कुठे सरस ठरतो तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हुमणीचेच घ्या. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी अंधार पडता पडता जमिनीतून भुंगेरे निघतात, कडुनिंब-बाभळीवर जाऊन बसतात, पाला खातात, तिथेच मिलन होते आणि पहाटे पुन्हा जमिनीत जातात. मग अंडी, मग अळी. अळी तीन अवस्थांतून जाते आणि तिसऱ्या अवस्थेतली सर्वांत खादाड. ती उसाच्या मुळ्या कुरतडते, ऊस पिवळा पडतो, वाळतो, आणि ओढला तर बुडख्यासकट अलगद वर येतो. मग कोष, आणि कोषातून निघालेला भुंगेरा जमिनीतच पुढच्या वळवाची वाट बघत बसतो. वर्षाला एकच पिढी. हा सगळा खेळ चालतो रात्री आणि जमिनीखाली. महाविद्यालयात दोन वर्षे काढून मला स्वतःला हुमणीच्या सगळ्या अवस्था एका ओळीने कधी बघायला मिळाल्या नाहीत, कारण परीक्षा आणि सुट्ट्या हुमणीला विचारून ठरत नाहीत. चित्रपाठात हे वर्ष दहा मिनिटांत डोळ्यांपुढून जाते. आणि एकदा ते गेले की वाळलेला ऊस दिसल्यावर औषध शोधत धावणारा माणूस पुढच्या वर्षी मे महिन्यातच प्रकाश सापळा लावतो. कारण त्याला कळलेले असते की खरी संधी त्या चार-दोन संध्याकाळींचीच आहे.

तसेच बेण्याचे. 'को' म्हणजे कोइमतूर हे सर्वांना माहीत आहे, पण तिथल्या ऊस प्रजनन संस्थेत उसाला तुरा कसा येतो, संकर कसा करतात, त्या केसासारख्या बियांपासून रोप कसे निघते, हे आपल्यापैकी किती जणांनी बघितले आहे? फलटण तालुक्यातल्या पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचे. ते आपल्या उशाशी आहे, तिथे तरी कधीमधी जाणे होते. कोइमतूरला मुलांची सहल नेणे प्रत्येक वर्षी शक्य नाही. तिथे चित्रपाठच बरा. सूक्ष्मदर्शकाखालची बुरशी, किडीची अंडी, मुळांचे आडवे छेद, हेही वर्गात चाळीस मुलांनी एका नळीतून डोळा लावून बघण्यापेक्षा पडद्यावर मोठे बघावे.

तेव्हा काय दाखवायचे आणि काय हाताने करवून घ्यायचे याची वाटणी करता येते. परंतु एवढ्याने भागत नाही. दाखवायच्या गोष्टीसुद्धा कशा दाखवायच्या, याला महत्त्व आहे. आणि याचे फार जुने आणि फार चांगले उत्तर आपल्याच मुलखात मिळालेले आहे. दुर्दैवाने ते आपण विसरलो.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. कॅनडात शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत, त्या धर्तीवर त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे काढली. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर, आणि पाचवा जिल्हा उत्तर सातारा, म्हणजे आजचा आपला सातारा. (सांगलीला त्या वेळी दक्षिण सातारा म्हणत.) आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे, एकूण वीस कार्यक्रम. गावातले वीसएक शेतकरी एका ठिकाणी जमायचे, कार्यक्रम ऐकायचे, आणि रेडिओ बंद करून त्यावर बोलायचे. प्रत्येक मंडळाला एक निमंत्रक. चर्चेत निघालेले प्रश्न लिहून तो पुण्याला पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे मिळत.

खरी गंमत पुढे आहे. या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. त्यांनी तीन प्रकारची गावे घेतली. काही गावांत रेडिओ होता आणि मंडळही होते. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. आणि काही गावांत रेडिओच नव्हता. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर लोकांना तेच प्रश्न विचारून किती कळले ते मोजले. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. उरलेल्या दोन्ही प्रकारच्या गावांत वाढ जेमतेमच. म्हणजे बघा, नुसता रेडिओ असलेल्या गावाला रेडिओ नसलेल्या गावापेक्षा फारसा जास्त फायदा झाला नाही! आवाज तोच, कार्यक्रम तोच. एके ठिकाणी लोक ऐकून उठून गेले, दुसरीकडे बसून बोलले. १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली, पण पुढे घरोघर ट्रान्झिस्टर आले आणि जो तो आपापल्या खाटेवर पडून ऐकू लागला.

माझ्या मते आज मोबाईलचे तेच झाले आहे. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि 'आमची माती आमची माणसं' लागले, तेव्हा गावात असलेल्या एखाद्या संचापुढे सगळी आळी जमत असे. कार्यक्रम संपल्यावर पारावर वाद होत, "हे आपल्या काळ्या रानात जमायचं न्हाई" वगैरे. तो वाद म्हणजेच शिक्षण होते. आता प्रत्येकाच्या खिशात दूरदर्शनपेक्षा मोठे भांडार आहे आणि वाद मात्र बंद.

कुणी म्हणेल, ही रेडिओची गोष्ट झाली, चित्रपाठाचे काय? तर त्याचाही दाखला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स गिबन्स यांनी सत्तरच्या दशकात वर्गातल्या तासांच्या चित्रफिती काढून दूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या अभियंत्यांकडे पाठवल्या. त्यांनी त्या लहान लहान गटांत बघायच्या, बरोबर एक मार्गदर्शक असायचा, आणि कुणाला काही अडले की फीत थांबवून बोलायचे. हा मार्गदर्शक कोणी मोठा विद्वान नव्हता, त्याच कारखान्यातला एक अभियंता असे. १९७७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा रीतीने शिकलेले लोक प्रत्यक्ष वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने, किंबहुना थोडे पुढेच राहिले. आपल्याकडे २००६ साली बंगळूरला 'डिजिटल ग्रीन' या नावाने असाच उपक्रम सुरू झाला. गावच्याच शेतकऱ्याला कॅमेऱ्यापुढे उभे करायचे, आणि तयार झालेली फीत गावातल्याच एका माणसाने लहान गटाला थांबवत थांबवत दाखवायची. नेहमीच्या विस्तार पद्धतीपेक्षा त्या पद्धतीने कितीतरी जास्त शेतकऱ्यांनी दाखवलेली गोष्ट आपल्या रानात करून बघितली, असे तपासणीत आढळले.

दोन देश, तीन काळ, तीन साधने. सगळीकडे काम केले ते "जरा थांबव" म्हणणाऱ्या माणसाने.

आणि हा माणूस आपल्या भागातला असणे का गरजेचे, तेही सांगतो. उसाचे चांगले चांगले पाठ उत्तर भारतात चित्रित झालेले आहेत. त्यात फेब्रुवारी-मार्चची लावण सांगतात, कारण त्यांचा हंगाम तो. जुलै-ऑगस्टमध्ये लावून दीड वर्ष सांभाळायची आपली आडसाली त्यांच्या हिशोबातच नाही. हुमणीचेही तसेच. नदीकाठच्या मळीच्या रानातली हुमणी वेगळ्या जातीची आणि माळावरची वेगळ्या जातीची. एकीचा पाठ बघून दुसरीचा बंदोबस्त करायला जाल तर सापळा चुकीच्या वेळी लागेल. वाळवा-मिरज पट्ट्यात क्षारपड झालेली राने आहेत, तिथे पाण्याच्या पाळ्यांचे बाहेरचे वेळापत्रक जसेच्या तसे लावले तर रान आणखी बिघडेल. पाठ देणाऱ्या शिक्षकाची यात काही चूक नाही. त्याला आपले रान माहीत नाही एवढेच. ते ज्याला माहीत आहे त्याने तिथे बसले पाहिजे.

त्याहून गंभीर गोष्ट तारखेची. वर्गातला शिक्षक दरवर्षी आपली टिपणे थोडीफार तरी बदलतो. चित्रित झालेला पाठ मात्र जसा आहे तसाच राहतो. फोरेट हे कीटकनाशक घ्या. हुमणीसाठी ते आपल्याकडे सर्रास वापरले जाई. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर पूर्ण बंदी आली. आता २०१५ साली चित्रित झालेल्या एखाद्या पाठात शिक्षक "सरीत फोरेट टाकून माती आड करा" असे सांगत असेल, तर तो त्या दिवशी बरोबर होता. आज तोच पाठ बघणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोण सांगणार? एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, त्याचेही हेच. जुने पाठ पुसले जात नाहीत, उलट जास्त लोकांनी बघितलेले म्हणून तेच वर येतात. म्हणून माझा आग्रह आहे की शेतीचा कोणताही पाठ लावण्याआधी त्याची तारीख बघावी, आणि तारीख दिलेली नसेल तर औषधांच्या बाबतीत तो पाठ मुळीच प्रमाण मानू नये.

आणखी एक लहानशी तक्रार. मुले हे पाठ दुप्पट वेगाने बघतात. तशी सोय मोबाईलमध्ये आहे म्हणे. पंचेचाळीस मिनिटांचा तास बावीस-तेवीस मिनिटांत उरकतो. यात अर्धा दोष पाठ तयार करणाऱ्यांचाही आहे. वर्गातले व्याख्यान जसेच्या तसे कॅमेऱ्यापुढे वाचून दाखवायचे, मागे इंग्रजी अक्षरांनी भरलेला फलक, आणि पाऊण तासात उसाचे एक पानही दिसायचे नाही, असल्या पाठाला वेग वाढवू नका म्हणायला तोंड कुठे आहे? पाठ आठ-दहा मिनिटांचा असावा, एकच काम दाखवणारा असावा, रानात घेतलेला असावा आणि मराठीत असावा. बुडखे जमिनीलगत कसे छाटायचे हे खोडव्याच्या शेतात पाच मिनिटे नीट दाखवले तर त्यावर तासभर बोलायला नको.

आता आक्षेपांकडे वळतो. संचालक मंडळापुढे ही कल्पना मी तोंडी मांडली, तेव्हा दोन शंका निघाल्या. पहिली खर्चाची. त्यात फारसा दम नाही. बहुतेक गट कार्यालयांत संगणक आहे, आणि नसेल तिथे एक मोठा टी.व्ही. संच लागेल, एवढाच काय तो खर्च. पाठ बहुतेक फुकट मिळतात. विद्यापीठांचे आहेत, पाडेगावचे आहेत, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडूनही मार्गदर्शन मिळू शकते. दुसरी शंका खरी आहे, ती माणसांची. शेतकी मदतनिसाला ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, बेणे वाटप, ड्रीपची प्रकरणे इतके काम असते की "आता संध्याकाळी शाळाही घ्या" म्हटले तर तो राजीनामाच देईल. याला माझे उत्तर असे की हंगामात हे करायचेच नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. आणि निमंत्रक शेतकी खात्याचाच हवा असेही नाही. आपल्या कार्यक्षेत्रात कृषी पदवीधर आणि पदविकाधारक सभासद गावोगावी आहेत. चांगले एकरी उत्पादन काढणारे अनुभवी सभासद आहेत. सातवी शिकलेला पण पोंगा ओढून कीड सांगणारा माणूस या कामाला माझ्या मते पुष्कळ लायक आहे. त्याला मानधन द्यावे. कोणी फुकट करत असेल तरी द्यावे, म्हणजे त्याला वेळेवर ये म्हणता येते.

एक तिसरी शंका तोंडावर कुणी बोलले नाही, पण ती हवेत आहे. पडद्यावरून शिकवता येते म्हटल्यावर शेतकी खात्याची माणसे कमी करता येतील, असा हिशोब काही ठिकाणी मांडला जातो. दीड वर्षाचे पीक आहे आपले. लावणीच्या वेळी चुकलेला सल्ला काट्यावर कळतो, आणि तोवर सभासदाचे सोसायटीचे कर्ज थकलेले असते. व्हिडिओला काट्यावर बोलावून जाब विचारता येत नाही. शेतकी मदतनिसाला विचारता येतो, आणि तुम्ही विचारताही!

माझी योजना अशी. सुरुवातीला दोनच गट घ्यावेत, एक नदीकाठचा आणि एक वरच्या माळरानाचा. त्या गटांतील जी मुले-मुली किंवा सुना घरी राहून शेतीची पदविका करत आहेत, त्यांची नावे घ्यावीत. दहापेक्षा जास्त जण एका वेळी नकोत. ज्यांचे शिक्षण वगैरे काही चालू नाही पण ऐकायची हौस आहे अशा सभासदांनीही बसायला हरकत नाही, उलट त्यांच्या प्रश्नांनीच पाठ थांबेल. पाठ संध्याकाळी पाच वाजता लावावा, म्हणजे संपल्यावर उजेड असेपर्यंत जवळच्या प्लॉटवर किंवा कारखान्याच्या बेणेमळ्यात जाता येईल. मुलींच्या घरच्यांनी बरोबर यावे असे वाटत असेल तर अवश्य यावे, एक माणूस वाढेल. न सुटलेले प्रश्न निमंत्रकाने वहीत लिहावेत, महिन्यातून एकदा ती वही माझ्याकडे यावी, आणि मला न येणारी उत्तरे पाडेगावहून मागवून याच पत्रिकेत छापावीत. पुण्याच्या रेडिओने टपालाने हे करून दाखवले, आपल्याकडे तर फोन आहे.

पहिला पाठ हुमणीचा ठेवावा असे वाटते, आणि तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात व्हावा. त्यानंतर एकदा का वळीव झाला की निमंत्रकाने सर्वांना संध्याकाळी साडेसातला बॅटरी घेऊन गावाबाहेरच्या बाभळीखाली बोलवावे. दोन्ही गटांतील इच्छुकांनी आपली नावे, शिक्षण आणि घरापासून गट कार्यालय किती लांब आहे हे लिहून पंधरा दिवसांत गट अधिकाऱ्यांकडे द्यावे. अंतर अशासाठी की ज्यांना रात्री परत जायला वाहन नाही, त्यांची सोय आधी बघावी लागेल.